अस्तराखालचे शेरे

केरबा कांबळेला आवडलेली पुस्तकं दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील. बाकी सगळ्यांवर तो नाक मुरडायचा, आणि नाक मुरडून झालं की पुढचं उघडायचा. केवळ नावं ठेवण्यासाठी माणूस इतकं वाचतो, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण कोल्हापुरात कशाचीही हौस असणारी माणसं आहेत, त्यात हाही एक.

पापाच्या तिकटीजवळच्या एका बोळात त्याचं बाइंडिंगचं दुकान होतं. पुस्तकं दाबायचा एक लाकडी शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत, खळीचं पातेलं आणि दारात बसलेली आई, शेवंताबाई, एवढ्यात ती खोली भरायची. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्र्याण्णव सालापासून त्याच्याकडं बांधायला येत. तिथल्या ग्रंथपाल त्रिशलाताई मगदूम आठ दिवसांची मुदत द्यायच्या आणि केरबा वीस दिवस घ्यायचा. पानं उलटसुलट झाली असतील, एकेक तपासावं लागतं, हे त्याचं ठरलेलं कारण. खरी गोष्ट अशी की पुस्तक वाचून संपल्याशिवाय तो त्याला टाका घालत नसे.

त्याचा सगळ्यात मोठा राग इतिहासाच्या पुस्तकांवर होता. कादंबरी असो नाहीतर जाडजूड तळटिपांचा ग्रंथ असो, त्याला दोन्ही सारखीच. घोडी दौडत सुटतात, पण त्या घोड्यांना दाणावैरण कोण घालतं ते लेखकाला ठाऊक नाही. पन्नास हजारांची फौज एका रात्रीत घाट चढते आणि सकाळी तिच्यासाठी भाकऱ्या कुणी थापल्या याचा पत्ता नाही. एका रात्रीत किल्ला बांधून होतो, जणू दगड आपल्या पायांनी वर चालत गेले. आणि सगळ्यांत जास्त चीड त्याला दोन शब्दांची यायची. सरदारांची सात नावं सनावळीसकट द्यायची आणि मग लिहायचं, 'व इतर'. केरबा ते वाचून पुस्तक मिटायचा आणि समोरच्या भिंतीला विचारायचा, की ह्या इतरांना आईबापांनी नावं ठेवलीच नव्हती काय.

हलक्याफुलक्या पुस्तकांची तऱ्हा निराळी, पण तिरस्कार तेवढाच. प्रेमकथेतली नायिका पुण्यात बंगल्यात राहते आणि तिच्या वडिलांची कुठलीतरी गिरणी असते. रहस्यकथेतला इन्स्पेक्टर सिगारेट ओढत खिडकीबाहेर बघतो आणि त्याला एकदम सगळं उमगतं. त्रिशलाताईंना असली पुस्तकं फार आवडत. दुपारी गर्दी नसली की टेबलाखाली धरून त्या एखादी रहस्यकथा संपवत. केरबानं बोलायला सुरुवात केली की त्या म्हणत, जरा सुखानं वाचू द्या की लोकांना. त्यावर केरबाचं म्हणणं असं की सुखच पाहिजे तर माणसानं झोपावं, त्यासाठी झाडं तोडून कागद कशाला करायचा. आणि एवढं बोलून तो पुढच्या खेपेच्या पोत्यात रहस्यकथा किती आहेत ते हळूच बघून घ्यायचा.

मतं एवढी जहाल, पण ऐकणार कोण? वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं लिहिणाऱ्याला दंड होता आणि केरबा नियम पाळणारा माणूस. म्हणून त्यानं आपली एक जागा शोधून काढली. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला शेवटी अस्तराचा कागद चिकटवतात. तो चिकटवायच्या आधी केरबा कोऱ्या पुठ्ठ्यावर शेरा लिहायचा, खाली तारीख घालायचा, वरून खळ फासून अस्तर लावायचा आणि पुस्तक शिकंज्यात आवळायचा. मग ते पुस्तक घरोघरी फिरायचं, लोक ते छातीवर घेऊन झोपायचे, आणि त्या पुठ्ठ्यात केरबाचा निकाल गुपचूप बसलेला असायचा.

एका सहाशे पानांच्या ऐतिहासिक कादंबरीच्या पुठ्ठ्यावर त्यानं लिहिलं होतं, 'तलवार दोनशे बारा वेळा उपसली. भाकरी तीनदा. सैन्य उपाशी लढलं.' एका प्रेमकथेवर, 'नायिका तीनशे पानं खिडकीत उभी. घरातली भांडी कोण घासतं?' आणि महाबळेश्वरच्या बंगल्यातल्या एका खुनावर, 'खून स्वयंपाक्यानं केला. लेखकाला बंगल्यात दुसरा गरीब माणूस सापडला नाही.' असे शेकडो शेरे त्यानं लिहिले आणि पुरले.

शेवंताबाई दारात बसून खळ ढवळायची. गव्हाच्या खळीत चिमूटभर मोरचूद टाकायचं कामही तिचंच, नाहीतर कसर आणि झुरळं ती खळ खातात आणि पुस्तक सुटतं. बाईला अक्षर ओळखीचं नव्हतं. छप्पन साली सगळ्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा तिनं घरातले देव नदीला पोचवले, पण जुन्या गोष्टी काही सोडल्या नाहीत. तिची एक गोष्ट ठरलेली होती, गावच्या विहिरीची.

गडहिंग्लजकडं त्यांचं गाव. दुष्काळात पाटलांच्या माळावर विहीर खोदली ती केरबाच्या आजोबांनी, पिराजीनं, आणि वस्तीतल्या माणसांनी. सगळे मिळून सतरा जण, त्यात सहा बाया. शेवंताबाई तेव्हा नुकती लग्न होऊन आलेली चौदा वर्षांची पोर, डोक्यावर मातीच्या पाट्या वाहायची. काळा खडक लागला तेव्हा कोण रडलं, कुणाच्या पायावर पहार पडली, कुणाची म्हैस त्याच दिवशी व्याली, हे सगळं ती सतरा नावांसकट सांगायची. पाणी लागलं आणि पाटील नारळ घेऊन आले. त्यानंतर या सतरा जणांना त्या विहिरीला हात लावायची बंदी झाली. वरून कुणी ओंजळीत ओतेल तेवढं पाणी त्यांचं. हे सांगताना शेवंताबाई दर वेळी थोडी हसायची. पाणी लागलं तेव्हा ती खाली खड्ड्यात होती आणि कुणी बघायच्या आत पहिला घोट तिनंच घेतला होता.

केरबानं ही गोष्ट शंभरदा ऐकली, म्हणजे खरं तर एकदाही ऐकली नाही. आई सुरू झाली की हा पान उलटायचा. म्हशीपर्यंत आली की म्हणायचा, आई, तुझी कादंबरी पुरे कर, मी वाचतोय. एकदा, शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात, ती चिडली.

"पुस्तकातलं समदं खरं आणि माझं तेवढं खोटं व्हय रं?" ती म्हणाली. "हातात पेन्शील हाय न्हवं? मग लिवून घे सतरा नावं. म्या काय जन्माला पुरणार न्हाय."

केरबानं तिच्या समाधानासाठी हातातल्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं, खळ फासली, अस्तर लावलं. बाई खूश झाली. दोन हजार दोन साली ती वारली.

दोन हजार पाच साली गणपतराव पाटलांनी गावाचा इतिहास लिहिला. गणपतराव म्हणजे त्याच गावचे, त्याच पाटलांचे नातू. ते निवृत्त हेडमास्तर होते, शुक्रवार पेठेत राहायचे आणि वाचनालयाचे अध्यक्षही होते. पाचशे प्रती छापल्या. त्यातल्या वीस खास प्रती मान्यवरांना द्यायला रेक्झिनमध्ये बांधायच्या होत्या आणि ते काम केरबाकडं आलं.

त्यानं रिवाजाप्रमाणं वाचायला घेतलं. चौसष्टाव्या पानावर विहीर आली. दुष्काळात रयतेचे हाल न बघवून पाटलांनी व इतर मजुरांनी विहीर खोदली, असं एक वाक्य. मग पाटलांच्या दानशूरपणावर अडीच पानं.

केरबाच्या अंगाचा तिळपापड झाला. आजवर त्यानं परक्यांच्या इतिहासावर शेरे मारले होते, हा त्याच्या घरातला होता. त्यानं एक पुठ्ठा पुढ्यात ओढला आणि पुठ्ठ्याला भोक पडेल इतकी पेन्सिल दाबून लिहिलं, 'पाटलांच्या हाताला फोड आल्याचं गावात कुणी ऐकलेलं नाही. लेखकानं आपले हात दाखवावेत.' मग रागारागात खळ केली, अस्तर लावलं आणि वीस प्रती पोचत्या केल्या. त्या खळीत मोरचूद टाकायचं राहिलं. आई असती तर राहिलं नसतं.

त्या पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला. गणपतरावांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं आणि जमिनीवर रचलेल्या उरलेल्या प्रतींचा लगदा झाला. लेखकाची स्वतःची रेक्झिनची प्रत वरच्या फळीवर होती, ती वाचली. पण महिनाभराच्या ओलीत झुरळांनी खळीवर ताव मारला आणि एके दिवशी गणपतरावांनी पुस्तक उघडलं तर अस्तर पुठ्ठ्यापासून सुटून त्यांच्या हातात आलं. वीस प्रतींतून नेमकी तीच प्रत लेखकाच्या वाट्याला आली होती.

गणपतराव छत्री आणि पुस्तक घेऊन दुकानात आले तेव्हा केरबानं मनाची तयारी केली. वाचनालयाचं काम गेलं, हे तो धरूनच चालला. भांडणाची वाक्यंही जुळवली. वर्षानुवर्षं वाचलेलं कुठंतरी उपयोगी पडणार होतं.

"हे अक्षर तुझंच?" गणपतरावांनी विचारलं.

"व्हय सर. माझंच हाय."

गणपतरावांनी पुस्तक खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढं धरले. बोटं लांब होती, मऊ होती.

"बघ. खडूशिवाय काही धरलेलं नाही. आजोबांनीही धरलं नसणार, हे मला लिहितानाच कळायला हवं होतं," ते म्हणाले. "मला कुणी नावं सांगितली नाहीत, म्हणून 'इतर' लिहिलं. तुला ठाऊक आहेत?"

"सतरा जण हुते."

"मग सतराची सतरा लिहून दे. प्रती तर पुरात गेल्या, दुसरी आवृत्ती काढावीच लागणार आहे. दसऱ्यानंतर छापायला जाईल. त्या अडीच पानांच्या जागी तेवढी नावं घालतो."

केरबाच्या सगळ्या वाक्यांची हवा गेली. त्यानं मान डोलावली. गणपतराव गेले, आणि तो सतरा नावं आठवायला बसला.

पिराजी आठवला, तो आजाच होता. शेवंताबाई आठवली. तिसरं नाव काही केल्या आठवेना. कुणीतरी लंगडत होता, कुणाची तरी म्हैस व्याली होती. म्हैस आठवत होती आणि माणूस आठवत नव्हता, हे केरबाच्या लक्षात आलं. आयुष्यभर इतिहासकारांना ज्या पापासाठी झोडपलं तेच आपल्या हातून झालंय, आणि वेळ फक्त दसऱ्यापर्यंत आहे.

दुसऱ्या दिवशी एस.टी. धरून तो गावाला गेला. त्या काळातली एकच म्हातारी वस्तीत उरली होती, बयाबाई. कानानं बहिरी, डोळ्यांनी अधू. केरबानं ओरडून ओरडून विचारलं. तिला प्रश्न कळल्यावर तिचा चेहरा उजळला.

"आरं, मी तवा लई बारकी. शेवंताला इचार की," ती म्हणाली. "तिला समदी तोंडपाठ हाईत."

परतीच्या गाडीत त्याला तो पुठ्ठा आठवला. आई चिडली होती, पेन्सिल हातात होती, आणि आपण लिहिलं होतं. शहाण्णवचा मे महिना, हातात कुठलं पुस्तक होतं ते नक्की आठवेना, बहुधा महाबळेश्वरच्या खुनासारखीच कसलीतरी रहस्यकथा. म्हणजे सतरा नावं वाचनालयातल्या एखाद्या फडतूस पुस्तकाच्या पोटात सुखरूप आहेत, नऊ वर्षं झाली तरी. त्याला इतका आनंद झाला की कंडक्टरला त्यानं कारण नसताना नमस्कार केला.

त्रिशलाताईंनी बांधणीचं रजिस्टर काढलं. त्या मे महिन्यात एक्केचाळीस पुस्तकं गेली होती. केरबानं ओलं फडकं आणि पातळ सुरी घेतली आणि वाचनालयाच्या मागच्या खोलीत बैठक मारली. अस्तर ओलं करायचं, सुरी सरकवायची, आपलाच शेरा वाचायचा, पुन्हा चिकटवायचं. त्रिशलाताई पलीकडं बसून प्रत्येक शेरा मोठ्यानं वाचायच्या आणि हसून हसून डोळे पुसायच्या. हे छापायला पाहिजे होतं, त्या म्हणाल्या, ह्या पुस्तकांपेक्षा हे बरं आहे. केरबाला मात्र ते वाचवत नव्हते. प्रत्येक शेऱ्यातून एक शहाणा माणूस जगाकडं तुच्छतेनं बघत होता, आणि त्या शहाण्याच्या दारात बसलेली बाई कुठल्याच शेऱ्यात नव्हती.

एकतीस पुस्तकं झाली. काही सभासदांकडं होती. त्रिशलाताईंनी स्वतः घरोघरी जाऊन ती परत आणली, हलक्या कादंबऱ्यांचे वाचक त्यांच्या ओळखीचेच होते. चौथ्या दिवशी छत्तिसावं पुस्तक निघालं, एका रहस्यकथेचं, मुखपृष्ठावर पिस्तूल. अस्तर अर्धं सुटलं आणि केरबाला 'आई' हा शब्द दिसला. त्याचा हात थांबला. बाकीचं अस्तर त्रिशलाताईंनी सोडवलं, आणि सवयीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागल्या.

"'आज आईनं विहिरीची गोष्ट पुन्हा सांगितली. पिराजी, आई व इतर पंधरा. पाल्हाळ फार. म्हैस काढून टाकावी. काटछाट केली तर बरी होईल. बारा मे शहाण्णव.'"

त्यांनी पुस्तक केरबाच्या हातात दिलं. केरबानं पुठ्ठा उलटून पाहिला, दुसरा पुठ्ठाही सोडवून पाहिला. तो कोरा होता. आईला वाचता येत नव्हतं. मुलानं काय लिहिलं हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि म्हणूनच त्यानं तसं लिहिलं होतं. मागच्या खोलीत तो मोठी माणसं रडू नयेत तसा रडला. त्रिशलाताईंनी वाचनालयाचं दार लोटून घेतलं.

दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी तो गणपतरावांकडं गेला आणि एक कागद त्यांच्या हातात दिला. त्यावर एकच ओळ होती. गणपतरावांनी ती वाचली आणि बाकीची नावं कुठं आहेत म्हणून विचारलं.

"माझ्या आईकडं हुती, सर," केरबा म्हणाला. "मी घेतली न्हाईत."

हेडमास्तर होते, एखादा शब्द सुनावायची त्यांना संधी होती. त्यांनी ती घेतली नाही. दुसऱ्या आवृत्तीत चौसष्टाव्या पानावरून अडीच पानं गेली आणि त्या जागी आलं, 'ही विहीर पिराजी कांबळे, शेवंताबाई कांबळे व इतर पंधरा जणांनी खोदली. त्यांना तिचं पाणी भरू दिलं गेलं नाही. पहिला घोट मात्र शेवंताबाईंनी घेतला.' घोटाचं केरबानं तोंडी सांगितलं होतं. तेवढंच त्याला नीट आठवत होतं.

या आवृत्तीच्याही वीस प्रती बांधायला त्याच्याकडंच आल्या. खळीत त्यानं मोरचूद आठवणीनं टाकलं. एकोणीस पुठ्ठे कोरेच ठेवून त्यानं अस्तरं लावली. विसावी प्रत वाचनालयाची होती. तिच्या पुठ्ठ्यावर त्यानं पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'लेखकाचा दोष नाही. वाचक नालायक.' खाली तारीख घातली, पहिल्यांदाच आपलं नाव लिहिलं, आणि त्या पुठ्ठ्याला अस्तर लावलं नाही.